जिन्याखालचे वीजघर

इंदूर, ग्वाल्हेर, बडोदे, हैदराबाद, बेळगाव अशा गावांतील आपल्या मराठी घरांत हल्ली जाणे झाले, की एक नवीनच वस्तू आमच्या दृष्टीस पडते. जिन्याखालच्या ज्या कोनाड्यात पूर्वी जळाऊ लाकडे, पाटा-वरवंटा किंवा लग्नकार्याची मोठी पातेली असत, तेथे आता लोखंडी पट्ट्यांची, एकोणीस इंच रुंदीची एक मांडणी उभी असते. तिच्यात बारीक हिरवे-निळे दिवे लुकलुकत असतात आणि रात्री घर शांत झाले म्हणजे तिची अखंड गुणगुण ऐकू येते. तरुण मंडळी तिला ‘रॅक’ म्हणतात. इंटरनेटचा राउटर, तारांचे जाळे जोडणारा स्विच, चार हार्ड डिस्क सामावणारा एखादा छोटा सर्व्हर आणि तळाशी यूपीएस, असा हा सरंजाम असतो.

त्यात काय साठविलेले असते हे विचारले, तर उत्तर ऐकून आपण थक्क होतो. आजोबांच्या पेटीतील मोडी कागदांची छायाचित्रे, तीन पिढ्यांच्या मुंजी-लग्नांचे फोटो, सूनबाईंच्या नोकरीच्या फायली, फाटकावरच्या कॅमेऱ्याचे चित्रण, घराच्या मालकीचे दस्तऐवज, सारे काही तेथे! पूर्वी जे लोखंडी ट्रंकेत असे, ते आता त्या पेटीत आहे. मात्र ट्रंकेला वीज लागत नसे.

आणखी एक गोष्ट आम्हांस येथे प्रथमच सांगितली पाहिजे. हे यंत्र ज्याने हौसेने उभे केले, तो चिरंजीव पुष्कळदा पुण्याला, बंगळूरला किंवा परदेशी असतो. तेथून तो त्याची देखभाल दूरस्थपणे करतो. परंतु त्या बॅटरीच्या शेजारच्या खोलीत निजतात ते त्याचे वृद्ध आईवडील. सर्व्हरची काळजी घेणारा एक आणि त्याच्या धोक्याजवळ राहणारे दुसरे, अशी ही विभागणी आहे. पुढील विवेचन त्या दोघांसाठीही आहे.

प्रथम वीज गेल्याने नेमके काय बिघडते ते पाहू. दिवा विझला आणि पुन्हा लागला, तर दिव्याचे काही जात नाही. सर्व्हरचे तसे नाही. हार्ड डिस्कवर काही लिहिणे चालू असताना क्षणभर जरी वीज खंडित झाली, तरी अर्धे लिहिलेले तसेच राहते आणि कोणती फाइल कोठे आहे याची जी अनुक्रमणिका यंत्र ठेवते, तिच्यात घोळ होतो. वहीत जमाखर्च लिहिताना मध्येच कोणी दौत उपडी करावी, तसा हा प्रकार होय. अलीकडच्या प्रणाली अशा आघातातून स्वतःस बऱ्याच प्रमाणात सावरतात हे खरे. तथापि दर वेळी सावरतीलच, हे गृहीत धरून कोणी संसार करू नये.

आपल्याकडे दोन-चार तास वीज जाण्याचे प्रसंग पूर्वीपेक्षा पुष्कळ कमी झाले आहेत. परंतु पावसाळ्याच्या तोंडाला सुटणारे वारे, फांदी तारेला टेकणे आणि वीज क्षणार्धात जाऊन परत येणे, हे सर्वत्र चालूच आहे. क्वचित मोठा प्रसंगही ओढवतो. ३० जुलै २०१२ रोजी पहाटे बीना ते ग्वाल्हेर ही ४०० किलोव्होल्टची वाहिनी अतिभारामुळे बंद पडली आणि तिच्यामागोमाग सारे उत्तर भारताचे जाळे कोसळले. दुसऱ्या दिवशी दुपारी पुन्हा तेच झाले व त्या वेळी पूर्व आणि ईशान्य भागही अंधारात गेले. साठ कोटींहून अधिक लोकांना त्याची झळ पोहोचली. अशा दिवशी यूपीएसने घर चालवावे अशी अपेक्षाच चुकीची आहे. त्याचे काम दोनच: क्षणिक झटके सोसणे, आणि वीज बराच वेळ येणार नाही असे दिसताच सर्व्हरला सुखरूप झोपविण्याइतका अवधी देणे.

आता हिशेबाकडे वळू. बहुतेक मंडळी दुकानात जाऊन ‘मोठ्यातला यूपीएस द्या’ म्हणतात, आणि घोटाळा तेथेच सुरू होतो. आपल्या रॅकला वीज किती लागते, हे आधी मोजावे. त्यासाठी प्लग आणि बोर्ड यांच्यामध्ये बसविण्याचे एक लहानसे वॅटमापक बाजारात मिळते. फिरणारी मोठी हार्ड डिस्क एरवी पाच ते आठ वॅट घेते, पण सुरू होताना काही सेकंद वीस-पंचवीस वॅट मागते. राउटर दहा-बारा वॅट. सर्व्हरचा गाडा पंचवीस-तीस. एकूण शंभर वॅटच्या आतबाहेर आकडा आला, तर तो घरगुती रॅकसाठी सर्वसाधारण समजावा. शंभर वॅट म्हणजे एका जुन्या पिवळ्या दिव्याएवढेच ना, असे वाटेल; परंतु हा दिवा वर्षभर, रात्रंदिवस जळतो. वर्षाचे ८,७६० तास धरले तर ८७६ युनिटे होतात. घरच्या बिलात ही भर कोठून पडली, असा प्रश्न कित्येक वडीलधाऱ्यांना पडतो, त्याचे उत्तर या गुणाकारात आहे.

यूपीएसच्या खोक्यावर मोठ्या अक्षरांत जो आकडा असतो तो ‘व्हीए’चा, आपल्या कामाचा वॅटचा आकडा मागील बाजूस बारीक अक्षरांत असतो. ६०० व्हीएचा लहान यूपीएस बहुधा ३६० वॅटच देऊ शकतो. तोही किती वेळ? त्याच्या पोटात १२ व्होल्ट, ७ अँपिअर-तासांची एक बॅटरी असते. बारा साते चौऱ्याऐंशी, म्हणजे कागदोपत्री ८४ वॅट-तास. शंभर वॅटच्या भाराला ती पन्नास मिनिटे पुरावी, असे शाळकरी गणित सांगते. प्रत्यक्षात शिशाच्या बॅटरीचा स्वभाव असा, की तिच्याकडून घाईने मागाल तर ती कमी देते. शिवाय काही ऊर्जा उष्णतेत जाते. नवी असताना वीस मिनिटे मिळाली तर समाधान मानावे. एकदोन कडक उन्हाळे काढल्यावर त्याच्या अर्धीही कित्येकदा मिळत नाहीत.

म्हणून पुष्कळ घरांत घरचा मोठा इन्व्हर्टरच रॅकला जोडण्याची कल्पना निघते. १२ व्होल्ट, १५० अँपिअर-तासांच्या बॅटरीत कागदोपत्री १,८०० वॅट-तास असतात. बॅटरीचे आयुष्य राखण्यासाठी त्यातील निम्मेच वापरायचे ठरविले आणि रूपांतरातील घट वजा केली, तरी शंभर वॅटचा रॅक सात तास चालेल. अर्थात त्याच इन्व्हर्टरवर चार पंखे आणि दिवे असतील तर हे तास झपाट्याने घटतात. कल्पना वाईट नाही. मात्र तीन गोष्टी पाहाव्या लागतात. इन्व्हर्टर शुद्ध साइन लहरीचा असावा. चौकोनी लहरीच्या स्वस्त इन्व्हर्टरमागे यूपीएस जोडला, तर तो त्या विजेस वीजच मानत नाही आणि टकटक करीत स्वतःची बॅटरी संपवून बसतो. दुसरे, अनेक इन्व्हर्टरांवर ‘यूपीएस’ आणि ‘नॉर्मल’ असा जो खटका असतो, तो ‘यूपीएस’कडे असावा, म्हणजे बदल सेकंदाच्या शंभराव्या भागाच्या आसपास होतो आणि संगणकास तो कळत नाही. तिसरे, एका यूपीएसमागे दुसरा यूपीएस अशी लहान यूपीएसची माळ गुंफू नये. मोठा इन्व्हर्टर घराच्या पक्क्या वायरिंगमध्ये आणि त्यामागे रॅकचा एकच यूपीएस, येथवर ठीक.

यूपीएस भिंतीतील बोर्डावरच लावावा, एक्स्टेन्शन बोर्डावर नव्हे. रॅकमागे डोकावून पाहिले, की एका एक्स्टेन्शनमध्ये दुसरे, त्यात तिसरे आणि त्यावर चार काळे अडॅप्टर असे झुबके आम्हांस नेहमी दिसतात. सैल बसलेली पिन म्हणजे लहानशी शेगडीच होय. प्लग हाताला गरम लागत असेल, प्लास्टिक पिवळे वा तपकिरी झाले असेल, तर तो बोर्ड त्याच दिवशी बदलावा. ‘रविवारी पाहू’ म्हणू नये. रॅकसाठी वेगळी वायर, वेगळा एमसीबी आणि सोळा अँपिअरचा बोर्ड परवानाधारक वायरमनकडून घालून घेतला, तर पुढील निम्म्या कटकटी मिटतात. लेझर प्रिंटर आणि इस्त्री यूपीएसवर लावण्याचा मोह कटाक्षाने टाळावा. छपाई सुरू होताना तो प्रिंटर एकदम हजार वॅटच्या घरात जातो.

अर्थिंगचा विषय स्वतंत्रपणे काढावा लागतो, कारण जुन्या घरांत येथेच खरी मेख आहे. आपल्यापैकी अनेकांचे वायरिंग चाळीस-पन्नास वर्षांपूर्वीचे. बोर्डाला तीन भोके असतात. तिसऱ्या भोकामागे तार असतेच असे नाही! असली तरी ती कोठे तरी अंगणात गाडलेल्या नळीपर्यंत जाते, आणि ती नळी गंजून गेलेली असते. उन्हाळ्यात जमीन वाळली म्हणजे तिचा विरोध आणखी वाढतो. म्हणूनच पूर्वीचे लोक अर्थिंगच्या खड्ड्यात अधूनमधून पाणी ओतीत. संगणकाच्या वीजपुरवठा-पेटीतून अगदी थोडी वीज नेहमीच अर्थच्या तारेकडे झिरपत असते. तार धड असेल तर कोणास पत्ता लागत नाही. तुटलेली असेल तर रॅकच्या लोखंडाला हात लागताच झिणझिण्या येतात. ‘जरा करंट मारतो, पण चालते’ हे वाक्य ज्या घरात ऐकू येते, तेथे रॅक आधी बंद करावा, मग चहा घ्यावा. वायरमनकडून अर्थिंगची यंत्राने मोजणी करून घ्यावी आणि ३० मिलिअँपिअरचा आरसीसीबी बसवावा. इन्व्हर्टर लावल्यापासून आरसीसीबी वारंवार पडू लागला, तर तो काढून टाकण्याचा सल्ला देणारे कारागीर भेटतात. त्यांना नमस्कार करून परत पाठवावे. इन्व्हर्टरची आणि मुख्य लाइनची न्यूट्रल कोठे तरी एकमेकींत मिसळलेली असते, ती सोडविणे हा त्यावरचा उपाय होय.

यूपीएसची परीक्षा घेताना मंडळी प्लग उपटून पाहतात. तसे करू नये. प्लग उपटला की विजेबरोबर अर्थचीही तार सुटते, आणि यूपीएस तर बॅटरीवर २३० व्होल्ट देतच असतो. भिंतीवरचे बटण बंद करावे. आपल्याकडचे बटण फक्त फेज तोडते, अर्थ जोडलेलाच राहतो. याच कारणाने मेन स्विच पाडल्यावरही रॅकच्या मागील बाजूस वीज जिवंत असते, हे वायरमनला कामापूर्वी आवर्जून सांगावे. आणि दोन्ही टोकांना पिना असलेली वायर वापरून इन्व्हर्टरची वीज एखाद्या सॉकेटमधून घरात ‘उलटी’ घालण्याची युक्ती कोणी सुचविली, तर त्या माणसास घराबाहेर काढावे. ती उघडी पिन म्हणजे साक्षात मृत्यू आहे, आणि ती वीज बाहेरच्या तारांत गेली तर खांबावर चढलेल्या कामगाराचाही.

आता बॅटरी कोठे ठेवावी याविषयी. शिसे आणि गंधकाम्ल यांची बॅटरी गास्तों प्लांते या फ्रेंच शास्त्रज्ञाने १८५९ मध्ये तयार केली. तिची मूळ रसायनक्रिया आजही तीच आहे आणि तिच्या खोडीही त्याच आहेत. चार्ज होताना, विशेषतः जास्त चार्ज झाल्यास, ती हायड्रोजन सोडते. हवेत चार टक्के हायड्रोजन जमला, की एक ठिणगी पुरे. हा वायू हलका असल्याने वर चढतो आणि बंद कपाटाच्या छताशी साठतो. जिन्याखालचा, दार लावलेला कोनाडा यासाठी सर्वांत वाईट जागा, हे आता निराळे सांगावयास नको. शिवाय पाणी घालावयाच्या बॅटरीतून आम्लाचे सूक्ष्म तुषार उडतात व सर्व्हरचे सर्किट खातात. तेव्हा अशी बॅटरी रॅकमध्ये कधीही ठेवू नये. हवा खेळती असलेल्या बाल्कनीत किंवा ओसरीत, उन्हापासून आणि मुलांच्या हातांपासून दूर ठेवावी. देवघरातील निरांजन, उदबत्ती तिच्याजवळ नको. यूपीएसमधली मोहरबंद बॅटरी एरवी वायू जवळपास सोडत नाही, परंतु बिघडली तर तिचीही झडप उघडते. सडक्या अंड्यासारखा वास आला, तर बॅटरी जास्त चार्ज होऊन तापली आहे असे समजावे. खिडक्या उघडाव्यात, तिच्याजवळची बटणे न हाताळता लांबचा मेन स्विच बंद करावा आणि बॅटरी निवेपर्यंत तिच्याकडे फिरकू नये.

उष्णता हा बॅटरीचा दुसरा शत्रू. तिचे आयुष्य २५ अंश तापमान धरून सांगितलेले असते, आणि त्यावर दर दहा अंशांमागे ते सुमारे निम्मे होते, असा ठोकताळा आहे. मे महिन्यात ग्वाल्हेरच्या बंद कपाटात पारा कोठे असतो, ते आपण जाणताच. पाच वर्षांची म्हणून घेतलेली बॅटरी दोन वर्षांत गेली, की लोक दुकानदाराला बोल लावतात. बहुधा दोष कपाटाचा असतो.

बारा व्होल्टांना कोण भितो, असेही म्हणतात. व्होल्ट थोडे खरे. परंतु ८०० वॅट काढावयाचे तर त्या बाजूच्या तारेतून सत्तर-ऐंशी अँपिअर वाहतात. तार बारीक किंवा नट सैल असेल तर सांधा लाल होतो. बॅटरीच्या दोन टोकांवर पाना पडला तर तो क्षणात वितळू लागतो. म्हणून पाणी भरताना वा नट आवळताना गृहिणींनी बांगड्या, मंगळसूत्र आणि पुरुषांनी अंगठी, घड्याळ उतरवून ठेवावे. बॅटरीच्या झाकणावर स्टीलचे डबे रचण्याची सवय मोडावी. पाणी डिस्टिल्डच घालावे, आम्ल कधीही नाही. डोळ्यांत थेंब गेला तर निदान पंधरा-वीस मिनिटे नळाच्या वाहत्या पाण्याने धुऊन मगच डॉक्टरांकडे निघावे.

लिथियमविषयी हल्ली सर्वत्र विचारणा होते. घरासाठी घ्यावयाची तर लिथियम-आयर्न-फॉस्फेट या जातीची घ्यावी. मोबाइलमधील जातीपेक्षा ती पुष्कळ अधिक उष्णता सोसते, वजनाला हलकी असते आणि अधिक वर्षे टिकते. किंमत मात्र चढी. इन्व्हर्टरला लिथियमची स्वतंत्र सोय नसेल, तर शिशाच्या बॅटरीच्या जागी ती नुसती बदलून चालत नाही. दोहोंची चार्ज करण्याची रीत भिन्न आहे. जुन्या स्कूटरमधून काढलेले सेल जोडून ‘स्वस्तात’ बॅटरी बांधून देणारे कारागीर भेटतात. घरात म्हातारी माणसे आणि मुले असताना हा प्रयोग करू नये, असे आमचे स्पष्ट मत आहे.

इतके करूनही एक दुवा बहुतेक घरांत तुटलेलाच आढळतो. यूपीएसपासून सर्व्हरपर्यंत एक यूएसबी तार जावयास हवी. तिच्याविना बॅटरीत किती जीव उरला आहे हे सर्व्हरला समजत नाही, आणि वीस मिनिटे बॅटरीवर चालून तो एकविसाव्या मिनिटाला दाणकन पडतो. म्हणजे खर्च करून अपघात वीस मिनिटे पुढे ढकलला, एवढेच. तार जोडल्यावर ‘नेटवर्क यूपीएस टूल्स’ या मोफत सॉफ्टवेअरने किंवा सर्व्हरच्या स्वतःच्या सोयीने अशी आज्ञा द्यावी, की बॅटरी निम्मी होताच फायली मिटून झोपी जावे. वीज परत आल्यावर लगेच उठू नये, हेही सांगावे. पहिली काही मिनिटे विजेचा दाब वरखाली होतो आणि बॅटरीही रिकामी असते. वर्षातून दोनदा, चिरंजीव घरी आलेले असताना, भिंतीवरचे बटण बंद करून हे सारे खरोखर घडते का ते पाहावे. मोडी कागदांची आणि फोटोंची एक प्रत दुसऱ्या गावी, लेकीच्या किंवा भावाच्या घरी असावी. आगीपुढे आणि चोरापुढे बॅटरीचा काय उपयोग?

बॅटरी फुगली, तिची कड बाहेर आली किंवा यूपीएस विनाकारण टीटी करू लागला, म्हणजे तिचे दिवस भरले. फुगलेली बॅटरी ओढून काढू नये, कारागिरास बोलवावे. तिच्या पोटातील शिसे विषारी असते, म्हणून भंगारवाल्याला ती विकू नये. २०२२ च्या बॅटरी-कचरा नियमांनुसार जुन्या बॅटऱ्या परत गोळा करण्याची जबाबदारी उत्पादकांवर आहे. नवी घेताना जुनी दुकानात द्यावी, किमतीत सूटही मिळते.

राहता राहिली ती आईवडिलांची गोष्ट. आमच्या परिचयाच्या एका घरी रॅकच्या दारावर मोठ्या मराठी अक्षरांत एक कागद चिकटविलेला आहे. लिहिणारी घरची नात. धूर, वास किंवा चटचट आवाज आल्यास जिन्याजवळ जायचे नाही. दाराशेजारचा लाल खूण केलेला मेन स्विच खाली पाडायचा. सर्वांनी अंगणात यायचे. १०१ किंवा ११२ वर फोन करून ‘आत बॅटरी आहे’ असे सांगायचे. मग नातवाला कळवायचे. पाणी ओतायचे नाही. आग बारीक असली तरीही नाही. नुसते बिघडले असेल आणि वास वगैरे काही नसेल, तर यूपीएसचे पुढचे बटण पाच आकडे मोजेपर्यंत दाबून धरायचे. त्याखाली बॅटरी बसविल्याची तारीख आणि वायरमनचा फोन क्रमांक आहे. कागदावर आजीने स्वतःच्या हाताने शेवटी एक ओळ वाढविली आहे: ‘मशीन गेले तरी चालेल, तुम्ही आधी बाहेर या.’